आपा, पाण्याला कुठलं क्रियापद?

आपा,

परवा सकाळी इम्रान दुकानात आला. आदल्या संध्याकाळी तुम्हाला नेलं होतं. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी तुमच्या घरच्या बायकांबरोबर वरच्या खोलीत बसून राहिले होते. दुसऱ्या दिवशी घरात बसवेना, म्हणून दुकान उघडलं. तर तुमचा हा भाचा दारात उभा. डोळे सुजलेले, हातात एक कागद. तुमच्या शाळेतल्या जुन्या मुली आता गावोगाव पांगल्यात, त्यांच्या ग्रुपवर टाकायला इंग्रजीत चार ओळी नीट करून द्या, म्हणाला. मी कागद वाचला. पहिल्याच ओळीत होतं, नसीम मिस ‘एक्सपायर्ड’.

मला रडू यायच्या आधी हसू आलं, आपा. इम्रान गोंधळला. त्याला कसं सांगू, की एकदा याच दुकानात एका गिऱ्हाईकानं वडील ‘एक्सपायर’ झाल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही त्याला आधी पाणी दिलंत, खांद्यावर हात ठेवलात, आणि तो गेल्यावर मला म्हणालात, “डब्बा एक्सपायर होता, मंजू. आदमी मरता.” मी विचारलं होतं, मग ‘पास्ड अवे’ लिहायचं का? तर म्हणालात, “किस इम्तिहान में पास हुआ वो?”

मी ‘एक्सपायर्ड’ खोडलं आणि ‘डाइड’ लिहिलं. इम्राननं तो शब्द वाचला. “मंजूआंटी, जरा रूखं वाटतं,” म्हणाला. वाटतंच. मलाही वाटलं. पण तुमच्या नावापुढं दुसरं काही लिहायची माझी हिंमत नव्हती.

तो गेला आणि मी तशीच बसून राहिले. त्या एका शब्दापायी पुन्हा तुमच्याशी बोलायला सुरुवात झाली, ती अजून थांबत नाही. म्हणून हे लिहितेय. मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला लाल पेन काढता येणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते भांडायलाच आलात. हर्सूलच्या रस्त्याला मी नुकतंच ते छोटं दुकान टाकलं होतं. खाण्याच्या वस्तूंची लेबलं, पाकिटं, खोकी यांवरचा मजकूर लिहून, डिझाइन करून द्यायचं. शहर वाढत होतं. वाळूजकडं कारखाने, इकडं हर्सूलच्या पुढं शेतं होती तिथं सोसायट्या, आणि प्रत्येक सोसायटीत दोन-चार बाया पापड, मसाले, शेवया करून विकणाऱ्या. त्यांना सगळ्यांना लेबल इंग्रजीत हवं. माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरी. वडील गंगापूरला तहसिलात कारकून, आजोबा त्याच भागात भिक्षुकी करायचे. घरात संस्कृतचे श्लोक होते, मोडीतले कागद होते, इंग्रजी मात्र कुणाला येत नव्हतं. मी एका पापडाच्या लेबलावर ‘कुक्ड बाय’ असं छापून नमुना म्हणून काचेला लावला होता. तुम्ही भाजी घेऊन चालला होतात. थांबलात, वाचलंत, आत आलात आणि मेथीची जुडी माझ्या टेबलावर ठेवून विचारलंत, “पापड कुक करते क्या तुम लोग?”

मी म्हटलं, “मग काय करतात?”

“तू सांग. तू काय करतेस पापडाला?”

“लाटते.”

“मग कुक कुठून आलं?”

तुम्ही तेव्हा शाळेतून नुकत्याच निवृत्त झाला होतात. उर्दू शाळेतल्या मुलींना उभा जन्म इंग्रजी शिकवलं आणि आता दुपार कशी काढायची हा प्रश्न होता. हे मला फार पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की पांढरा दुपट्टा डोक्यावरून घेतलेली एक उंच बाई माझी खुर्ची ओढून बसलीय आणि उठायचं नाव घेत नाही. तुम्ही ‘मेड’ लिहायला लावलंत. मी म्हटलं, फार साधं वाटतं. तुम्ही म्हणालात, पापड साधाच असतो.

मग तुम्ही येतच राहिलात. दुपारची नमाज झाली की यायचात, पाचेक वाजता घरी. पगार घ्यायला नकार दिलात, चहा मात्र वेळेवर मागायचात. गिऱ्हाईक आलं की मी डिझाइनचं विचारायची, तुम्ही क्रियापदाचं. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, लेबल करायला आलोय की साक्ष द्यायला. “तू हे घरी करतेस की जागा घेतली आहेस? हातानं की मशीननं? दुसऱ्याकडून आणून नुसतं पाकिटात भरतेस का? खरं बोल, मी काही सरकार नाही.” मग ठरायचं. हातानं केलं तर ‘मेड’. औषधी काढा, मसाल्याचं वाटण, जेवणाचा डबा, जिथं आधी मांडामांड, मोजमाप, मग मिसळण, तिथं ‘प्रिपेअर्ड’. शेतातून, गोठ्यातून जे निघतं ते ‘प्रोड्यूस्ड’. जे आधीपासून आहे त्याला नुसतं वाळवलं, सोललं, दळलं, तर ‘प्रोसेस्ड’. आणि मोठी मशीनं, पाळ्या, एकसारखा माल असेल तिथं ‘मॅन्युफॅक्चर्ड’.

त्या शेवटच्या शब्दावर मात्र तुमचा जीव होता. एकदा सांगितलंत, “इसमें जो ‘मॅन्यु’ है ना, वो हात है. पुराने जमाने में इसका मतलबच हात से बनाना था. हात निकल गया, लफ्ज रह गया.” आणि स्वतःच्या हातांकडं बघत बसलात. खडूनं कोरडी पडलेली बोटं तुमची, निवृत्त होऊनही तशीच होती.

मी मग मराठीचं भांडण काढायची. म्हणायची, आपा, तुमच्या इंग्रजीत पाचच शब्द. आमच्यात बघा, भाकरी थापतात, लाडू वळतात, लोणचं घालतात, दही लावतात, चकल्या पाडतात. ‘बनवतात’ फक्त माणसाला, एप्रिलच्या पहिल्या तारखेला. तुम्ही हसून हसून दुपट्ट्यानं डोळे पुसायचात. मग म्हणायचात, आमच्याकडंही अचार ‘डालते’, दही ‘जमाते’, बिर्याणी ‘चढाते’. “इंग्रज बेचारे. सब कुछ मेक करते.” म्हणजे तिथं आपण दोघी एका बाजूला आणि अख्खी इंग्रजी दुसऱ्या बाजूला. मला ती दुपार फार आवडायची. तशा दुपारी किती झाल्या असतील, आणि मला वाटत राहिलं की त्या कधी संपायच्याच नाहीत.

गंगापूरहून दिगंबरभाऊ आले ते त्याच दिवसांत. माझ्या माहेरच्या ओळखीचे. गोदावरीच्या अंगाला ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. गुळाच्या छोट्या ढेपा करून शहरातल्या दुकानांत ठेवायच्या म्हणून लेबल हवं होतं. तुम्ही त्यांना तासभर बसवलंत. रस कधी काढता, काहील केवढी, मळी कशी काढता. त्यांनी सांगितलं, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो, त्यानं मळी वर येती, ती झाऱ्यानं काढायची. पाक झाला का नाही ते कसं कळतं, तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, “पाण्यात थेंब टाकून बोटात धरायचा. बोटाला कळतंय.”

“मेड,” तुम्ही म्हणालात.

दिगंबरभाऊंचा चेहरा उतरला. “मॅडम, मेड म्हंजी शाळंतल्या पोराचं इंग्रजी. ते मॅन्युफॅक्चर का काय असतंय, ते टाका. लई मोठं वाटतं.”

“शाळेतल्या पोराला कळतं ना? मग बस. तुमचा गूळ पोरंच खातात.”

ते कुरकुरत गेले, पण लेबल तेच नेलं. पुढं दर हंगामात यायचे, येताना तुमच्यासाठी ढेप आणायचे. तुम्हाला साखर वर्ज्य होती. तुम्ही खडा तोडून तोंडात टाकायचात आणि म्हणायचात, ही साखर थोडीच आहे.

मग पाऊस दडी मारून बसला. एक वर्ष ओढलं, दुसरंही ओढलं. जायकवाडीत पाणी तळाला गेलं, हर्सूलच्या तलावाची माती भेगाळली, तिथं पोरं क्रिकेट खेळू लागली. शहर मात्र वाढायचं थांबलं नाही. नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या खाली टँकरच्या रांगा. तुमच्या गल्लीत नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता. गिऱ्हाईकं रोडावली. कैऱ्या नाहीत तर लोणचं कसलं घालणार. सिल्लोडचा मक्याचा भरडा विकणारा आमचा नेहमीचा माणूस वर्षभर फिरकला नाही.

अशात एका दुपारी दिगंबरभाऊ आले. वाळलेले, दाढी वाढलेली. ढेप नव्हती. ऊस उभा राहिला नाही, गुऱ्हाळ बंद पडलं, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. मेहुण्याचा शहराला लागून प्लॉट होता, तिथल्या बोअरला पाणी होतं. दोघांनी मिळून शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं होतं. मोठे जार, लहान बाटल्या. परवान्याचं काम करणाऱ्यानं मजकूर लिहून दिला होता. त्यांनी चिठ्ठी तुमच्यापुढं ठेवली. ‘मॅन्युफॅक्चर्ड ॲण्ड पॅक्ड बाय.’

तुम्ही चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून ठेवलात.

“पानी कौन मॅन्युफॅक्चर करता, भाऊ?”

“नियमात तसंच हाय म्हणतो तो.”

“नियम कुछ भी बोलेगा. पॅक्ड लिहा. प्युरिफाइड लिहा. प्रोसेस्ड लिहा, मला चालेल. पानी अल्ला बनाता. आदमी सिर्फ भरता.”

दिगंबरभाऊ कधी उलटं बोलणारे नव्हते. त्या दिवशी मान खाली घालूनच म्हणाले, “मॅडम, मग गूळ तरी मी कुठं बनवला? ऊस त्यानंच दिला व्हता की. तवा तुमी मेड लिहिलं.”

तुम्ही चष्मा उचलून पुन्हा लावलात. मग हळूच म्हणालात, “गुळात तुमचा हात दिसतो.”

“आन् यात दिसत नाय म्हणून कष्ट नाय का? बोअरला किती घातलं, यंत्राला किती घातलं.” ते थांबले. मग जे बोलले, ते माझ्याकडं बघून बोलले, तुमच्याकडं बघायची त्यांना हिंमत नव्हती. “मंजूताई, आमच्या घरात दारात आलेल्याला पाणी द्यायची रीत. आता मी तेच विकतोय. मला लाज वाटती. म्हणून म्हणतो, मोठा शब्द असू द्या. कारखान्याचा माल वाटला म्हंजी जरा बरं वाटंल.”

आपा, तुम्ही उठलात, दुपट्टा सारखा केलात आणि घरी निघून गेलात. चार वाजायचे होते, चहा तसाच राहिला.

मी तो मजकूर छापला. जसाच्या तसा. नियमात होतं, गिऱ्हाईकाला हवं होतं, आणि त्या वर्षी दुकान चालायला ते काम हवंच होतं. पण या सगळ्याच्या आधी, समोर बसलेल्या माणसाची मान वर यावी असं मला वाटलं होतं. मी आजही म्हणते, माझं चुकलं नव्हतं. तुम्ही आजही म्हणाल, शब्द काही माणसाची लाज झाकायला नसतो. आपलं भांडण तिथंच आहे, जिथं तुम्ही सोडून गेलात.

तुम्ही येणं बंद केलंत. मी आधी म्हटलं, चिडल्यात, येतील. मग म्हटलं, न का येईनात. दुकानात गिऱ्हाईक ‘मेक’ आणि ‘प्रिपेअर’मधला फरक विचारायचं नाही, पण मला तुमचा आवाज ऐकू यायचा. ‘खरं बोल, मी काही सरकार नाही.’ शेवटी मीच तुमच्या घरी आले. तुमचे गुडघे सुजल्याचं कानावर आलंच होतं. इम्रान पुण्याला नोकरीला, तुमच्या भावजय, भाभी, वरच्या मजल्यावर, आणि टँकर आला की तुम्ही बादली घेऊन रांगेत. तुम्ही मला बस म्हणालात, पाणी दिलंत, दुकानाचं एक अक्षर विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात पेला ठेवायला गेले, तर ओट्याखाली दिगंबरभाऊंचा जार. त्याचं तोंड, म्हणजे लेबल, भिंतीकडं फिरवलेलं.

तुमच्या गुडघ्याचं मी बोलता बोलता दिगंबरभाऊंना सांगितलं होतं, आणि मला नंतर कळलं, त्या दिवसापासून त्यांचा माणूस तुमच्या दारात जार ठेवून जायचा. तुम्ही परत पाठवला नाहीत. पैसे मात्र न चुकता त्याच्या हातात द्यायचात. तो नको म्हणाला तर जार उचलून दाराबाहेर. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, तुम्ही ते पाणी घ्यायचात का, हे विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. तुम्हीही त्या जारबद्दल बोलला नाहीत आणि मीही नाही, आणि आपण दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत मुंबईच्या पावसाच्या बातम्यांवर बोललो.

आणि मग तो डबा. काही आठवड्यांनी, भर दुपारी, तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभ्या. गुडघ्याला पट्टा, हातात स्टीलचा डबा, वर रुमाल बांधलेला. आत येऊन डबा टेबलावर ठेवलात. मी उघडला. खिचडी होती, पिवळी, खाली लागून काळी झालेली, आणि बाजूला वाटीत चिंचेचं खट्टं.

तुमच्या हातचं मी तोवर काही खाल्लं नव्हतं. कुणीच नव्हतं खाल्लं. खाण्याच्या वस्तूंच्या क्रियापदांवर इतकी हुज्जत घालणारी बाई आयुष्यभर आधी आईच्या आणि मग भाभीच्या हातचं जेवली होती. नोकरी करणारी म्हणून तुम्हाला कुणी चुलीपाशी बसू दिलं नाही आणि तुम्हालाही ते बरंच वाटलं. मी एक घास घेतला. करपटलेला वास थेट नाकात. मी विचारलं, “आपा, हे लेबलावर काय लिहू? मेड की प्रिपेअर्ड?”

तुम्ही जराही न हसता म्हणालात, “अटेम्प्टेड.”

मी हसले, मग तुम्ही हसलात, आणि मी ती सगळी खिचडी संपवली. पाण्याच्या लेबलाचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही वेळेवर आलात आणि चहा मागितलात.

पुढं पाऊस बरा झाला. जायकवाडी भरली, दिगंबरभाऊंचं गुऱ्हाळ पुन्हा लागलं. पाण्याचं यंत्रही चालूच राहिलं. शहराला तहान कायमचीच लागली होती. ते दोन्हींची लेबलं घ्यायला यायचे. गुळाचं तुम्ही तपासायचात, पाण्याचं मी. तुमच्यासमोर मी ती फाइल उघडायची नाही, आणि तुम्ही नेमक्या त्या वेळी उठून बाहेर रस्त्यावरची रहदारी बघत उभ्या राहायचात. तिघांनीही कधी ठरवलं नव्हतं हे.

मग मोबाइल आले तसे लोक मजकूर त्यातूनच काढून आणू लागले. एक मुलगी आली, ज्वारीचे पोहे विकणारी. कुठला शब्द लिहायचा, हे तिनं आधीच मोबाइलला विचारून ठेवलं होतं. मोबाइल म्हणाला होता, सगळे शब्द चालतील. तुम्ही चष्मा लावून स्क्रीन वाचलीत आणि विचारलंत, “इसने तेरा पोहा देखा क्या?” मुलगी नाही म्हणाली. “तो फिर इसकू क्या मालूम.” मग बसवलंत तिला. भिजवणं, भाजणं, चेपणं, सगळं वदवून घेतलंत. ती जाताना म्हणाली, इतकं कुणी घरीही विचारलं नव्हतं मला. त्या दिवशी तुम्ही चहात साखर मागितलीत.

मी तेव्हा समजत होते की तुम्ही शब्द शोधताय. आता वाटतं, तुम्ही त्या बायांना त्यांचंच काम सांगायला लावत होतात, आणि शब्द हे निमित्त होतं. खरं-खोटं तुम्हाला विचारता आलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, “नक्को इतना बडा मत बना मेरेकू.” असू द्या. आता तुम्ही नाहीत, तर मी तुम्हाला मला हवं तेवढं मोठं करणार.

आजारपण लांबलं नाही. तुमच्या छातीत पाणी झालं, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा मी रोज दुपारी यायचे. दुकान बंद करून, तुमच्याच वेळेला. तुम्ही बोलताना दमायचात, म्हणून मीच बोलायची. कोण आलं, काय छापलं. शेवटच्या त्या दुपारी तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं झोपल्यात. तर एकदम म्हणालात, “मंजू, वो पानी का...”

मी पेला उचलला. तुम्ही मान हलवलीत. पाणी नको होतं.

“वो दिगंबर का पानी,” म्हणालात. “मैं सोची उसपे.”

“काय विचार केलात?”

तेवढ्यात भाभी औषध घेऊन आत आल्या. तुम्हाला उठवून बसवलं, गोळी दिली, खोकला आला, तो थांबता थांबेना. मग थकलात. मी हात धरून बसले. निघताना म्हटलं, उद्या सांगा, मी येतेय. तुम्ही हातानं ‘जा’ केलंत, शाळेतल्या मुलीला करावं तसं.

काय विचार केला होतात, आपा? मी बरोबर होते असं म्हणणार होतात, की एखादा सहावा शब्द सापडला होता, जो आपल्या दोघींना चालला असता? मी तेव्हापासून सगळे शब्द लावून बघतेय. एकही बसत नाही. आणि खरं सांगू, तुम्ही ‘तू चुकलीस’ म्हणाला असतात तरी मला आज चाललं असतं. त्यासाठी तुम्हाला एक अख्खं वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते मी ऐकलं असतं.

मीही एक सांगायचं ठेवलं होतं. तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा मी ते दुकान बंद करायच्या विचारात होते. घरात सगळे म्हणत होते, हे तुझं काम नव्हे. तुम्ही माझी चूक काढलीत, पण अशी काढलीत, जणू ते काम नीट करण्याच्या लायकीचं आहे. हे कधी म्हणाले नाही. वाटायचं, तुम्ही ‘लायकीचं’ला इंग्रजीत काय म्हणतात ते विचाराल.

काल तिसरा दिवस. तुमच्या घरी चूल पेटलेली नव्हती, शेजारपाजारचे डबे येत होते. मी पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, हिरव्या मिरचीचा खरडा केला आणि वर घेऊन गेले. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर बायका बसल्या होत्या. सिल्लोडहून तुमची मावसबहीण आली होती, तुमच्यासारखीच उंच. भाभींनी तिला वाढलं, स्वतः घेतलं. भाभींनी दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “पिठला अच्छा हुआ गे, मंजू.”

अच्छा हुआ. आम्हीही तेच म्हणतो, छान झालंय. पिठलं केलं मी, उभी राहिले मी, हात भाजला माझा, पण वाढल्यावर म्हणायचं ते ‘झालंय’. त्यात मी नाही, पीठ नाही, विस्तव नाही. आमच्याकडं पाऊसही होतो, पीकही होतं, लेकरूही होतं. करणारा कोण, हे कुणी विचारत नाही, आणि तरी कुणाला काही कमी वाटत नाही. इतकी वर्षं आपण थापणं, वळणं, घालणं, लावणं मोजत बसलो, आणि रोज जेवताना जे म्हणतो ते क्रियापद राहूनच गेलं. याला इंग्रजीत काय म्हणतात, आपा?

भाभी माझ्याकडं बघत होत्या. मी ताट पुढं घेऊन नुसतीच बसले होते. “तू भी खा,” म्हणाल्या, आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात घातली.

मी खाल्लं. खरंच छान झालं होतं.